मदत हवी आहे : अकरा वर्षांच्या मुलाला लाकूड फोडायला कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. मिरगाच्या आत सरपण फोडून पडवीत रचलं नाही तर पावसाळाभर चूल धुमसत राहते, हे इकडच्यांना सांगायला नको. यंदा माझा अकरा वर्षांचा मुलगा कुऱ्हाड मागतोय. आजोबा म्हणतात, द्या. घरातली बाकी सगळी घाबरतात.

त्यानं शिकावं असं मला मनापासून वाटतं. आजोबा आधी ओंडक्याचं टोक निरखतात : वाळताना चीर कुठं पडलीय, गाठ कुठल्या अंगाला आहे. मग गाठ चुकवून नेमका चिरेवर घाव घालतात आणि दोन फाका होतात. नुसत्या जोरानं फुटत नाही ते नजरेनं फुटतं, हे पोराला पुस्तकातून कसं कळणार? शिवाय त्याच लाकडावर घरची भाकरी भाजते, हे त्याला दिसतं.

आता विचारायचं ते असं. या वयाला कुऱ्हाड किती वजनाची, दांडा किती लांब असावा? घरची त्याला पेलत नाही. लोहाराकडून लहान करून घ्यावी, की आधी कोयत्यानं काटक्याच तोडू द्याव्यात? बोथट कुऱ्हाड सटकते म्हणून धार मी लावून देणार, खाली जाड ठोकळा ठेवणार, धाकटीला लांब बसवणार. पण पायात काय घालावं? इकडं सगळे चपलेवरच फोडतात, ते मला पटत नाही.

ज्यांनी आपल्या मुलांना शिकवलंय त्यांनी जरूर लिहा. मुलींना शिकवलं असेल तर तेही सांगा, धाकटीही मागं लागणारच आहे.