रहस्यमासिकांची मुखपृष्ठे चौकटीत आणि कथा रद्दीत: हे योग्य आहे का?

रामबागकर (इंदूर)

आमच्या वाचकमंडळात सध्या एक प्रस्ताव आला आहे आणि तो मला मुळीच पटलेला नाही, म्हणून तो येथे सर्वांपुढे मांडतो. एका सभासदांच्या घरून मंडळाला जुन्या रहस्यकथांचे दोन पेटारे मिळाले आहेत. त्यांत बाबूराव अर्णाळकरांच्या पुस्तिका आहेत, अलाहाबादहून निघणाऱ्या हिंदी 'जासूसी दुनिया'चे अंक आहेत आणि काही सुटी अमेरिकन मासिकेही आहेत. आतला कागद इतका ठिसूळ झाला आहे, की पान उलटावे तर कोपरा बोटांत येतो. म्हणून प्रस्ताव असा आहे, की मुखपृष्ठे तेवढी कापून चौकटीत बसवावीत, त्यांचे प्रदर्शन भरवावे आणि उरलेला मजकूर रद्दीवाल्याला द्यावा.

माझा विरोध भावनेपोटी नाही. या प्रकारच्या मासिकांचा जन्मच मुळी चित्रावाचून झाला. फ्रँक मन्सी या अमेरिकन प्रकाशकाने 1896 मध्ये आपले 'आर्गोसी' हे मासिक लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापायला घेतले तेव्हा त्यात 192 पाने भरून कथा होत्या, आणि चित्र एकही नव्हते, अगदी मुखपृष्ठावरसुद्धा नाही. वाचकाला गोष्ट हवी असते, कागद कसला आहे हे तो पाहत नाही, हा त्याचा हिशेब होता आणि तो खरा ठरला. पुढे 1915 मध्ये स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनसंस्थेने 'डिटेक्टिव्ह स्टोरी मॅगझिन' काढून केवळ गुप्तहेरकथांना वाहिलेले मासिक चालू शकते हे दाखवले. 1920 मध्ये मेंकेन आणि नेथन या संपादकांनी आपल्या उच्चभ्रू मासिकाचा तोटा भरून काढण्यासाठी 'ब्लॅक मास्क' काढले आणि आठच अंकांनंतर ते साडेबारा हजार डॉलरना विकून टाकले. त्यांनी ज्याला केवळ पैशाचे साधन मानले, त्याच मासिकात डॅशिअल हॅमेटची 'द माल्टीज फाल्कन' ही कादंबरी सप्टेंबर 1929 ते जानेवारी 1930 अशी क्रमशः आली, आणि रेमंड चँडलरची पहिली रहस्यकथा 1933 च्या डिसेंबर अंकात छापली गेली. या मासिकांनी वाङ्मयाला काही दिले असेल तर ते या पानांवर दिले. मुखपृष्ठ म्हणजे दुकानाबाहेरची पाटी. दुकान पाडून पाटी जपण्याचा हा उद्योग मला अनाकलनीय वाटतो.

चित्रशाळा

रामबागकर, आपण सांगितलेला इतिहास खरा असला तरी तो सोयीच्या ठिकाणी थांबतो. 'आर्गोसी' चित्राविना निघाले हे खरे. पण 1903 मध्ये स्ट्रीट अँड स्मिथने 'पॉप्युलर मॅगझिन' काढले, त्याला रंगीत मुखपृष्ठ दिले आणि मग बाकीच्यांनाही त्याच वाटेने जावे लागले. 1930 च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोणत्याही मासिकविक्रेत्याच्या फळीवर एकाच आकाराची डझनावारी मासिके एकमेकांना खेटून उभी असत. दहा-पंधरा सेंट हातात घेऊन उभा असलेला गिऱ्हाईक त्यांतले कोणते उचलणार, हे काही क्षणांत ठरत असे, आणि ते ठरवणारे चित्र असे. त्यामुळे आतला कागद कितीही हलका असला तरी मुखपृष्ठाला मात्र गुळगुळीत, चकचकीत कागद वापरत, कारण रंग त्यावरच उठून दिसत.

आता ते चित्र कसे तयार होई तेही पाहू. चित्रकार बहुतेक वेळा साधारण 20 बाय 30 इंचांच्या कॅनव्हासवर चक्क तैलरंगात काम करीत असे. मासिकाचे नाव वर येणार म्हणून वरचा भाग मोकळा ठेवावा लागे, पार्श्वभूमी सपाट पिवळी किंवा लाल असे, आणि माणसे तिरपी, पडण्याच्या किंवा झेपावण्याच्या बेतात असत, म्हणजे नजर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे ओढली जाई. प्रकाश खालून किंवा बाजूने टाकायचा, चेहऱ्याचा अर्धा भाग हिरवट काळोखात ठेवायचा आणि पिस्तुलाच्या नळीवर पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढायची, हे ज्याला जमते त्याला चित्रकला येते. आणि राफाएल डिसोटो किंवा नॉर्मन सॉन्डर्स यांना ती उत्तम येत होती. काही संपादक तर चित्र आधी विकत घेत आणि नंतर त्याला शोभेल अशी कथा एखाद्या लेखकाकडून लिहवून घेत. तेव्हा पाटी कोणती आणि दुकान कोणते, हे आपण वाटते तितक्या सहज सांगू शकणार नाही.

शिवाय कथांचे म्हणाल तर सर्वसाधारण दर शब्दाला एक सेंट होता. त्या दराने पोट भरायचे तर माणसाने रोज किती मजकूर पाडला पाहिजे याचा हिशेब करा. हॅमेट आणि चँडलर यांच्या कथा पुस्तकरूपाने कधीच आल्या आहेत. त्या आपल्या पेटाऱ्यावाचून अडलेल्या नाहीत. उरलेल्या शेकडो लेखकांचे लेखन पुन्हा छापावे असे त्यांच्या काळातही कोणाला वाटले नाही. उलट त्या मुखपृष्ठांची मूळ तैलचित्रे प्रकाशकांनी बहुतांशी फेकून दिली, कारण छपाई झाली की त्यांचा उपयोग संपला असे ते मानत. म्हणजे छापलेले मुखपृष्ठ हाच अनेक चित्रांचा एकमेव अवशेष आहे.

आणि ही चर्चा इंदुरात व्हावी याचे मला विशेष वाटते. देवळालीकर मास्तरांच्या कलाशाळेतून चित्रकार ना. श्री. बेंद्रे निघाले ते याच गावातून; मकबूल फिदा हुसेन यांचेही बालपण आणि सुरुवातीचे चित्रशिक्षण येथलेच, आणि मुंबईला गेल्यावर त्यांनी सिनेमाचे फलक रंगवूनच दिवस काढले. बाजारासाठी काढलेले चित्र म्हणून ते हलके, असे म्हणणे निदान या गावाला शोभत नाही.

विनोद-हमीद

मी चित्रशाळा यांच्याशी पूर्ण असहमत आहे, आणि माझा पुरावा अमेरिकेतला नाही, घरचाच आहे. आमच्या घरी मराठी आणि हिंदी दोन्ही वाचले जाई, आणि 'जासूसी दुनिया' आला की तो आधी कोणाच्या हाती लागतो यावरून भांडणे होत. इब्ने सफ़ी यांनी ही मालिका 1952 मध्ये अलाहाबादेत उर्दूत सुरू केली आणि त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले. तरीही त्यांच्या कादंबऱ्या अलाहाबादहून निघतच राहिल्या. हिंदी आवृत्तीत त्यांचा गुप्तहेर नायक कर्नल फरीदी आमच्यासाठी विनोद झाला, त्याचा साथीदार हमीद मात्र हमीदच राहिला. आमच्या नायकाचे नाव बदलले तरी आम्ही वाचत होतो, कारण ती भाषा, तो हमीदचा आचरटपणा आणि शेवटपर्यंत न लागणारा गुन्हेगाराचा पत्ता हे सगळे लेखकाचे होते.

1960 नंतर जवळजवळ तीन वर्षे आजारपणामुळे इब्ने सफ़ींचे लेखन बंद होते. त्यांच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून बनावट लेखकांनी बाजार भरून काढला. विचार करा, चोरी कशाची झाली? नावाची झाली, लेखकाच्या नावाची. मुखपृष्ठाच्या चित्रकाराचे नाव चोरावे असे एकाही लबाड प्रकाशकाच्या मनात आले नाही, कारण त्या नावावर एक प्रतही खपली नसती. बाजाराचाच निकष लावायचा असेल तर तो निकाल आधीच लागलेला आहे.

चित्रशाळा

विनोद-हमीद, आपला मुद्दा हुशारीचा आहे हे कबूल केले पाहिजे. पण त्यातून एवढेच सिद्ध होते, की चित्रकाराला नाव मिळू दिले गेले नाही. मराठीत जिथे ते मिळाले तिथे काय झाले ते पाहा. रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांची सही मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात असे, आणि दिवाळी अंक घेताना लोक ती सही शोधत. अर्णाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठे मुळगावकरांनी रंगवली, आणि त्यांचा नायक झुंजार कसा दिसतो हे वाचकांच्या डोळ्यांत त्या चित्रांनीच भरले. या पेटाऱ्यातली त्यांची दोन-तीन मुखपृष्ठे मी हातात घेऊन पाहिली आहेत. गालावरचा रंग तुषारांनी असा उतरत नेला आहे, की कुंचल्याचा फटकारा कुठेच दिसत नाही. देवदेवतांची कॅलेंडरे करणारा हाच हात होता, त्यामुळे पिस्तूल रोखलेल्या बाईच्या चेहऱ्यावरही एक लक्ष्मीपूजनाचे तेज आले आहे. हे अमेरिकन मुखपृष्ठांत कुठेही सापडणार नाही, आणि अर्णाळकरांच्या वाक्यांतही सापडणार नाही. अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्या वेगाने लिहिणाऱ्याकडून ती अपेक्षाही करू नये.

जुनी वर्गणीदार

आपण सगळे पुरुष मंडळी चित्र श्रेष्ठ की मजकूर श्रेष्ठ यावर हमरीतुमरीवर आला आहात, पण चित्रात कोण आहे हे कोणीच बोलत नाही. मी त्या काळी वाचनालयातून रहस्यकथा आणीत असे आणि घरी येताना मुखपृष्ठ आतल्या बाजूला करून पुस्तक छातीशी धरीत असे. बांधलेली बाई, किंचाळणारी बाई, खांद्यावरून पदर घसरलेली बाई: कथा बँकेच्या दरोड्याची असली तरी मुखपृष्ठावर हीच. अमेरिकेत तर यासाठी 1934 मध्ये 'स्पायसी डिटेक्टिव्ह' नावाचे मासिकच निघाले, आणि एच. जे. वॉर्ड यांनी त्याची जी मुखपृष्ठे केली त्यांत चित्रकलेचे कौशल्य निर्विवाद आहे. पण ते कौशल्य कशावर खर्च झाले तेही निर्विवाद आहे. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी अशा मासिकांविरुद्ध मोहीम उघडल्यावर 1943 च्या आरंभी त्याचे नाव 'स्पीड डिटेक्टिव्ह' करावे लागले आणि मुखपृष्ठावरच्या बायकांच्या अंगावर थोडे अधिक कपडे आले.

माझा आक्षेप या चित्रांवर बंदी घालावी असा नाही. ती पाहिली पाहिजेत. पण झुंजारच्या कथेत नायिका विजया नुसती किंचाळत नाही, ती सोबत असते, धोका पत्करते, हे मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही. मुखपृष्ठ कापून भिंतीवर लावले, की बाईच्या वाट्याला फक्त किंकाळी उरते. म्हणून मी रामबागकरांच्या बाजूची आहे, जरी त्यांनी हे कारण दिलेले नसले तरी.

खजुरी बाजार

मी वर्षानुवर्षे जुन्या पुस्तकांच्या देवघेवीत आहे, म्हणून थोडे व्यवहाराचे बोलतो. वाचनालयांतल्या रहस्यकथांना मुखपृष्ठ उरतच नसे. पुस्तक चार हातांत फिरले की जिल्दसाजाकडे जाई. तो मुखपृष्ठ काढून टाकी, राखाडी पुठ्ठा लावी, कडा कापून सरळ करी आणि पाठीवर कागदाची पट्टी डकवी. ज्या मुखपृष्ठांना त्याने हात लावला नाही त्यांच्यावर वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का नेमका नायिकेच्या गालावर मारलेला असतो. म्हणजे मुखपृष्ठासकट सापडलेला अंक हा दुर्मीळच. पण आता जो येतो तो मुखपृष्ठच मागतो. आतले पाहतदेखील नाही. तुमच्या मंडळाने कापाकापी केली तर आणखी एक पूर्ण अंक कमी होईल, एवढेच. आणि मलपृष्ठावरच्या जाहिराती, आतले वाचकांचे पत्रव्यवहार, पुढच्या अंकाची घोषणा, किंमत, हे सगळे कोण चौकटीत बसवणार आहे? तो अंक किती लोकांनी आणि कोणत्या लोकांनी वाचला असेल याचा माग तिथेच लागतो.

कागदाच्या ठिसूळपणाचे म्हणाल, तर लगद्यातल्या लिग्निन या लाकडातल्या द्रव्यामुळे तो पिवळा पडतो आणि आम्लामुळे तुटतो. ते थांबत नाही, पण अंधारात, कोरड्या जागी, सपाट ठेवला तर मंदावते. त्याआधी प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. त्यासाठी पुस्तक मोडावे लागत नाही, फक्त बसायला माणूस लागतो.

रामबागकर (इंदूर)

चित्रशाळा यांनी मुळगावकरांबद्दल जे लिहिले ते मी मान्य करतो. त्या चित्रांचे मोल मी नाकारलेले नाही, फक्त त्यांना त्यांच्या कथेपासून तोडण्यास माझा विरोध आहे. चित्रानुसार कथा लिहवून घेत असत हे आपणच सांगितलेत. तसे असेल तर ते चित्र कळण्यासाठी ती कथा हवीच. जुनी वर्गणीदार यांचा मुद्दा मला माझ्या मुद्द्यापेक्षा अधिक बळकट वाटतो आणि मी तो मंडळाच्या बैठकीत त्यांच्या परवानगीने मांडीन. माझा सुधारित प्रस्ताव असा, की एकही मुखपृष्ठ कापू नये, पूर्ण अंक काचेच्या पेटीत उघडे मांडावेत, आणि चौकटीत लावायचे असेल तर मुखपृष्ठाच्या छायाचित्राची मोठी प्रत लावावी.

चित्रशाळा

छायाचित्राच्या प्रतीत तुषाररंगाची ती मऊ छटा येत नाही, हे आपण प्रत शेजारी ठेवून पाहिलेत तर आपल्याही लक्षात येईल. तरीही मी एक पाऊल मागे येतो: पूर्ण अंकांना हात लावू नका. पण त्या पेटाऱ्यांत मजकूर गळून गेलेली सुटी मुखपृष्ठेही आहेत. ती तरी चौकटीत बसवायला आपली हरकत नसावी.

विनोद-हमीद

हरकत आहे. त्यांतली 'जासूसी दुनिया'ची जी असतील ती आधी माझ्याकडे पाठवा. माझ्याकडे मुखपृष्ठ नसलेले बरेच अंक आहेत, आणि त्यांतला एखादा त्यांच्याशी जुळला तर तो अंक पूर्ण होईल.