मदत हवी आहे: दहावीतला मुलगा, बेसबॉल आणि इंजिनिअरिंग – दोन्ही जमवायचं तर आत्तापासून काय करावं?

रॅरिटनकाठ:

मुलगा न्यू जर्सीच्या पब्लिक हायस्कूलमध्ये दहावीत आहे, २०२८ ची बॅच. शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर) खेळतो, टीमला गरज पडली की पिचिंगही करतो. उंची ५ फूट १० इंच, वजन १५५ पाउंड. ६० यार्ड ७.१५ सेकंदांत, इनफिल्डमधून थ्रो ताशी ८० मैल, एक्झिट व्हेलो (बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग) ८७, माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून) फास्टबॉल ७९-८०. अनवेटेड जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) ३.८५, पीएसएटी (एसएटीची सराव परीक्षा) १२९०. इंजिनिअरिंग करायचंय आणि कॉलेजच्या टीममध्ये खेळायचंही आहे. आम्ही दोघे पक्के क्रिकेटवाले, त्यामुळे घरात या बाबतीत सगळा अंधार. आम्ही एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर, मुलगा एच-४ (अवलंबितांच्या व्हिसा) वर.

प्रश्न असे: या आकड्यांवर डिव्हिजन वनचा (कॉलेजच्या खेळांतल्या सगळ्यात वरच्या स्तराचा) विचार करावा का? स्कॉलरशिप खरंच किती मिळते? कॉलेजांच्या कॅम्पची आमंत्रणं सारखी येतात, प्रत्येक ठिकाणी काहीशे डॉलर, ती खरी मानायची का? आणि एनसीएएच्या (कॉलेजच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या) अभ्यासाच्या अटी नक्की काय आहेत?

फुल_काउंट:

आधी आकड्यांचं बघू. ढोबळमानाने, डिव्हिजन वनचे कोच इनफिल्डरकडून ६० यार्ड ७ सेकंदांच्या आत, थ्रो ८५ च्या पुढे आणि एक्झिट व्हेलो ९५ च्या आसपास मागतात. उजव्या पिचरचा फास्टबॉल ८७-८८ च्या खाली असेल तर सहसा पुढे बोलणं होत नाही. दहावीला ८७ एक्झिट व्हेलो वाईट नाही. १५५ पाउंडाच्या मुलाने दोन हिवाळे नीट वजन उचललं आणि १५-२० पाउंड अंगावर चढवले, तर तो आकडा वर जातो. धावण्याचा वेळ तितका सहज खाली येत नाही, म्हणून स्प्रिंटचं काम आत्ताच सुरू करा.

पण खरी अडचण वेगळीच आहे. २०२५-२६ पासून डिव्हिजन वनचे नियम बदलले. आधी एका टीमला ११.७ स्कॉलरशिपा असायच्या आणि त्या बऱ्याच खेळाडूंत तुकडे करून वाटल्या जायच्या. ज्या कॉलेजांनी नवी व्यवस्था स्वीकारली तिथे आता स्कॉलरशिपवर मर्यादा नाही, पण टीममध्ये फक्त ३४ जण. त्यात ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) २१-२२ वर्षांचे तयार खेळाडू मिळत असताना कोच १८ वर्षांच्या मुलावर जागा का घालवेल? बारावीतून थेट येणाऱ्यांची दारं अरुंद झाली आहेत ती यामुळे.

बाकीचा हिशोब असा: डिव्हिजन टूमध्ये टीममागे ९ स्कॉलरशिपा, तुकड्यातुकड्यांत. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी एक डॉलरही नाही. आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे) डिव्हिजन वन असली तरी तिथेही खेळाची स्कॉलरशिप नाही. त्यामुळे ‘बेसबॉलवर फुकट शिक्षण’ हे डोक्यातून काढा. तुमच्या मुलाला बेसबॉलचा उपयोग प्रवेशासाठी होईल, आणि पैसे आणायचेच झाले तर ते त्याचा ३.८५ जीपीए आणेल.

इंजिनिअरिंग असलेली आणि तुमच्या जवळची डिव्हिजन थ्री कॉलेजं: स्टीव्हन्स, रोवन, टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी). थोडं लांब आरपीआय, डब्ल्यूपीआय, जॉन्स हॉपकिन्स, एमआयटी. डिव्हिजन थ्री म्हणजे गल्लीतलं बेसबॉल असं समजू नका. हॉपकिन्सची टीम २०२३ मध्ये राष्ट्रीय अंतिम फेरीत होती. दुसऱ्या टोकाला कॅलटेक, ज्यांची सलग २२८ पराभवांची मालिका २०१३ मध्ये तुटली. डिव्हिजन एकच, म्हणून प्रत्येक टीमचा दर्जा वेगळा तपासावा लागतो. सोपा उपाय: कॉलेजच्या साइटवर सध्याच्या टीमची यादी उघडा, मिडल इनफिल्डर (शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसवाले) किती आहेत, कोणत्या वर्षाला आहेत आणि किती जण इंजिनिअरिंगला आहेत ते मोजा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शून्य आलं तर ते कॉलेज यादीतून खाली सरकवा.

कॅम्पबद्दल: अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत, म्हणजे तुमच्यासाठी १ ऑगस्ट २०२६ पर्यंत, डिव्हिजन वनचा कोच मुलाशी भरतीबद्दल बोलूच शकत नाही. कॅम्पचं पत्रक आणि प्रश्नावली मात्र पाठवू शकतो. म्हणून जे येतंय ते पत्रकच, हजारोंना गेलेलं. डिव्हिजन टूसाठी ही तारीख १५ जून. डिव्हिजन थ्रीच्या फोन-मेलवर असं बंधन नाही, ते आजही उत्तर देऊ शकतात. खरा रस असेल तर कोच ट्रान्सक्रिप्ट मागतो, फोन करतो, उन्हाळ्यातलं वेळापत्रक विचारतो. हे झाल्यावरच त्या कॉलेजच्या कॅम्पला पैसे भरा.

वेटेड_जीपीए:

फुल_काउंट यांच्याशी बहुतांशी सहमत. फक्त पीएसएटीच्या १२९० चा मुद्दा त्यांनी सोडून दिला, तो मला जास्त गंभीर वाटतो. हॉपकिन्स किंवा एमआयटीच्या कोचला या स्कोअरवर काहीही करता येणार नाही. एमआयटीत तर कोच फक्त शब्द टाकू शकतो, निर्णय पूर्णपणे अ‍ॅडमिशन ऑफिसचा.

एनसीएएच्या अटी, डिव्हिजन वनसाठी: १६ कोअर कोर्स (एनसीएए धरते ते मुख्य विषय). इंग्रजी ४ वर्षं, गणित ३ (अल्जेब्रा वन किंवा वरचं), विज्ञान २, या तिन्हींपैकी आणखी १, समाजशास्त्र २, आणि उरलेली ४ याच विषयांतून किंवा परकीय भाषेतून. यातले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत आणि त्या १० पैकी ७ इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. कोअर जीपीए किमान २.३, डिव्हिजन टूला २.२. एसएटीची अट २०२३ मध्ये काढली, पण ती एनसीएएने काढली, कॉलेजांनी नव्हे. एमआयटी आजही स्कोअर मागते. डिव्हिजन थ्रीला एनसीएएच्या या अटी लागू नाहीत, तिथे कॉलेजचे स्वतःचे निकष.

तुमच्या मुलाला २.३ ची भीती नाही. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. शाळेचा प्रत्येक कोर्स एनसीएएच्या मान्य यादीत असतोच असं नाही. शाळेच्या नावाने ती यादी ऑनलाइन बघता येते. कंप्युटर सायन्सचे आणि घाईत केलेले ऑनलाइन कोर्स हमखास अडकतात. आठवीत अल्जेब्रा झालं असेल तर ते धरलं जातं, पण हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड आणि क्रेडिटसह दिसायला हवं. तेवढं काउन्सेलरकडून आत्ताच तपासून घ्या. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरवर (खेळाडूंची पात्रता तपासणारं केंद्र) मोफत प्रोफाइल आज काढून ठेवा, पैसे भरून सर्टिफिकेशनचं खातं डिव्हिजन वन किंवा टूचं बोलणं खरंच सुरू झालं की.

अभ्यासाचं वेळापत्रक माझ्या मते असं हवं: अकरावीत प्री-कॅल्क्युलस किंवा कॅल्क्युलस आणि फिजिक्स, एसएटीचा पहिला प्रयत्न डिसेंबरपर्यंत, दुसरा मार्चमध्ये. मेवर ठेवू नका, तेव्हा हायस्कूलचा सीझन आणि एपी (कॉलेज पातळीच्या विषयांच्या) परीक्षा एकमेकांवर आदळतात.

हे का, तर प्री-रीडमुळे. अकरावी संपली की जुलैच्या सुमारास कोच ट्रान्सक्रिप्ट, स्कोअर आणि बारावीच्या विषयांची यादी अ‍ॅडमिशन ऑफिसला दाखवतो. तिथून होकार आला तरच तो ‘अर्ली डिसिजनने (वेळेआधीच्या, बंधनकारक फेरीत) अर्ज कर, मी पाठिंबा देतो’ म्हणतो. अर्ज साधारण १ किंवा १५ नोव्हेंबरला. जुलैला स्कोअर हातात नसेल तर कोच पुढच्या मुलाकडे वळतो.

कोपर_सांभाळा:

शॉर्टस्टॉप आणि पिचर हे दोन्ही करणाऱ्या मुलाचा हात सगळ्यात आधी जातो, कारण पिचिंग नसलेल्या दिवशीही तो १२० फुटांवरून फेकतच असतो. पिच स्मार्टच्या (तरुण पिचरांचा हात जपण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना) मर्यादा फ्रिजवर लावा. १५-१६ वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच. ३१ ते ४५ पिच झाल्या तर १ दिवस विश्रांती, ४६-६० ला २, ६१-७५ ला ३, ७६ च्या पुढे ४. वर्षात १०० पेक्षा जास्त इनिंग नाहीत. वर्षाकाठी ४ महिने स्पर्धात्मक पिचिंग बंद, त्यातले २-३ महिने सलग खांद्यावरून फेकणंच नको. पिचिंग झालं की त्याच दिवशी कॅचर म्हणून उभं करू नये.

गडबड होते ती दोन टीममुळे. शाळेचा कोच शाळेच्या पिच मोजतो, ट्रॅव्हल टीमचा (शाळेबाहेरच्या क्लबचा) कोच त्यांच्या. एकत्र बेरीज कोणीच करत नाही. ती घरी करा. ७९-८० वर पिचर म्हणून बोलावणं येणं कठीणच आहे, तेव्हा त्याची ओळख शॉर्टस्टॉप अशीच ठेवणं शहाणपणाचं. हे माझं वैयक्तिक मत.

रॅरिटनकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. कोचला मेल आम्ही लिहायचा की त्याने? आणि व्हिडिओत नक्की काय हवं? एच-४ चा कुठे अडथळा येतो का?

फुल_काउंट:

मेल त्यानेच, त्याच्याच पत्त्यावरून. पालकाचा मेल आला की कोच हळूच बाजूला ठेवतो. विषयाच्या ओळीतच सगळं येऊ द्या: २०२८, शॉर्टस्टॉप, ५ फूट १०, जीपीए ३.८५, न्यू जर्सी. आत चार-पाच ओळी, त्यात हे कॉलेज का याचं एक खरं कारण. हेड कोचसोबत भरतीचं काम बघणाऱ्या असिस्टंट कोचलाही पाठवा. २५-३० कॉलेजांपासून सुरुवात, मग आकडे सुधारले की दर दोनेक महिन्यांनी पुन्हा.

व्हिडिओ २-३ मिनिटांचा. बॅटिंगचे ८-१० स्विंग, बाजूने आणि मागून. फील्डिंगमध्ये समोरचा, बॅकहँड, हळू येणारा ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) आणि डबल प्लेचा फीड (दोन जणांना बाद करताना सहकाऱ्याकडे दिलेला चेंडू). थ्रो फर्स्ट बेसपर्यंत पूर्ण दिसला पाहिजे. निम्म्या व्हिडिओंत चेंडू हातातून सुटला की चौकट संपते आणि कोचला हवं तेच दिसत नाही. गाणी आणि स्लो मोशन नको.

वेटेड_जीपीए:

एच-४ खेळायला आड येत नाही, पैशाला येतो. फाफ्सा या अर्जातून मिळणारी केंद्राची मदत एच-४ ला नाही. बरीच कॉलेजं आर्थिक मदतीसाठी त्याला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात, आणि साइटवरचे नेट प्राइस कॅल्क्युलेटर बहुधा नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांचा हिशोब दाखवतात. अर्ली डिसिजन बंधनकारक असतं, म्हणून कोचला होकार देण्याआधी फायनान्शियल एड ऑफिसकडून लेखी अंदाज मागा. रोवन आणि टीसीएनजे ही राज्याची कॉलेजं आहेत, तिथे एच-४ ला राज्यातली फी लागेल का, हे रेसिडेन्सी बघणाऱ्या ऑफिसला आत्ताच विचारा.

एच-४ वर काम करता येत नाही, त्यामुळे एनआयएलच्या (खेळाडूचं नाव-चेहरा जाहिरातीसाठी देण्याच्या) करारांना हात लावू नका, अगदी बॅट कंपनीचा छोटासा असला तरी आधी इमिग्रेशन वकील. २१ वर्षं पूर्ण होण्याआधी ग्रीन कार्ड आलं नाही तर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर जावं लागेल. तेव्हा तो साधारण कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात असेल. अर्ज त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात टाका, सीझन फेब्रुवारीत सुरू होतो आणि तेव्हा कागदपत्रांसाठी वेळ नसतो.