सॉकेटच्या दोन्ही भोकात टेस्टर लागतोय पण काहीच चालत नाहीये

सिडकोवाली
नमस्कार, नाशिकला सिडकोत राहतो आम्ही, घराचं वायरिंग वीस-पंचवीस वर्षं जुनं असेल. परवापासून ओट्यावरचा पॉइंट बंद पडलाय, मिक्सर नाही, चार्जर नाही आणि त्याच लाइनवर पुढे फ्रिज आहे तोही बंद. बाकी दिवे पंखे सगळे चालू, एमसीबीपण (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडलेली नाही. टेस्टर लावला तर उजव्या भोकात लागतो आणि डाव्यातपण लागतो!! शेजारचा मुलगा म्हणतो दोन फेज आलेत, 440 असेल, हात लावू नका. असं होतं का खरंच? आधी दोन-चार दिवस प्लग काढताना गरम लागायचा, थोडा जळकट वास यायचा, मला वाटलं पावसाने भिंतीला ओल धरलीय तिचा असेल. घरात आई आणि चार वर्षांची मुलगी आहे, रात्रभर झोप नाही लागली.

गंगापूररोडकर
ताई दोन फेज वगैरे काही नाही, न्यूट्रल तुटलाय. फेज म्हणजे करंट आणणारी वायर, न्यूट्रल म्हणजे परत नेणारी. फ्रिजचा प्लग लावलेलाच आहे ना, मग फेज फ्रिजच्या आतून फिरून न्यूट्रलच्या वायरवर येतो आणि परत जायला वाट नाही म्हणून टेस्टर तिथेपण लागतो. त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा, फ्रिजचापण, आणि मग बघा, डाव्या भोकातला उजेड गेला की समजा हेच आहे. आमच्याकडे मागच्या पावसाळ्यात सेम झालं होतं.

रिटायर्ड मेंटेनन्स
वरच्यांनी बरोबर सांगितलंय पण ताई एक लक्षात ठेवा, नुसता बोर्डावरचा स्विच बंद करून सॉकेट उघडू नका. स्विच फक्त फेज तोडतो, तोही वायरमनने नीट जोडला असेल तरच, आणि बोर्डात लूपिंगच्या, म्हणजे एका पॉइंटवरून पुढच्याला जाणाऱ्या, वायरी जिवंतच असतात. न्यूट्रल आहे म्हणून हात लावला आणि झटका बसला असं सातपूरला कंपनीत असताना मी डोळ्यांनी बघितलंय. मेन बंद करा, पुन्हा टेस्टर लावून खात्री करा, तोपर्यंत त्या बोर्डाजवळ मुलीला जाऊ देऊ नका.
आणि एमसीबी पडली नाही म्हणजे सगळं ठीक असं मुळीच नाही. स्क्रू ढिला झाला की करंट वाढत नाही, तेवढाच राहतो, पण त्या एका ठिकाणी वायर तापते, तापून स्क्रू अजून ढिला होतो, मग अजून तापते. एमसीबीला यातलं काही कळत नाही, 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीलापण (करंट लीक झाला की पडणारा स्विच) नाही, कारण करंट कुठे लीक होत नाहीये. वास आणि गरम प्लग हीच सूचना असते. त्या पॉइंटवर जास्त लोडचं काही लावता का?

सिडकोवाली
हो काका, सिलिंडर संपला की आई तिथेच इंडक्शन लावते, 2000 वॉटची, कन्व्हर्टर पिन लावून, म्हणजे मोठी पिन छोट्या सॉकेटात बसवणारी 😟

रिटायर्ड मेंटेनन्स
मग झालं. 2000 भागिले 230 म्हणजे जवळजवळ पावणेनऊ अँपिअर, आणि तुमचं सॉकेट 6 चं. कन्व्हर्टरने पिन बसते पण सॉकेटची ताकद वाढत नाही ना.

पंचवटी
नवीन सॉकेट आणून लावा की, घरीच होतं, मी लावतो नेहमी

रिटायर्ड मेंटेनन्स
नुसतं सॉकेट बदलून नाही भागणार, वायरीचं टोक जळलेलं असणार, ते कापून मागची चांगली कॉपर येईपर्यंत सोलावं लागतं. आणि ज्याला सवय नाही त्याने करूच नये, लायसन्सवाला वायरमन बोलवा. अजून एक सगळ्यांसाठी, हाच प्रकार एका पॉइंटवर न होता अख्ख्या घरात झाला, म्हणजे काही दिवे खूप तेज आणि काही मंद, तर तो मेन न्यूट्रलचा प्रॉब्लेम असू शकतो, तेव्हा लगेच मेन बंद करून 1912 ला महावितरणकडे तक्रार करा, नाहीतर टीव्ही फ्रिज जातात.

सिडकोवाली
आज वायरमन येऊन गेला. तुम्ही म्हणालात तसंच, न्यूट्रलच्या स्क्रूखाली येणारी आणि फ्रिजकडे जाणारी अशा दोन वायरी होत्या, येणारी जळून सुटली होती, मागची बाजू पूर्ण काळी. तेवढा भाग कापून नवीन सॉकेट बसवलं. इंडक्शनसाठी डीबीपासून (एमसीबी असतात त्या मेन बोर्डापासून) वेगळी 4 स्क्वेअर मिमीची जाड वायर ओढून 16 अँपिअरचा पॉइंट काढतोय, उद्या होईल. कन्व्हर्टर पिन आईनेच टाकून दिली. काका आणि गंगापूररोडकर दादा, दोघांचे मनापासून आभार 🙏