एक्टाक्रोम सी-४१ मध्ये: मीटर कुठे धरायचा?

एक सल्ला ऐकू येतो की १०० आयएसओची एक्टाक्रोम (थेट पॉझिटिव्ह चित्र देणारी रिव्हर्सल सिने फिल्म) सी-४१ मध्ये, म्हणजे रंगीत निगेटिव्हच्या रसायनात, धुवायची असली तरी मीटर नेहमीसारखा हायलाइटवर (दृश्यातल्या उजळ भागावर) धरावा. गल्लत इथेच होते. निगेटिव्ह बनणार म्हटल्यावर सावलीत जे उमटलं नाही ते गेलंच, स्कॅनरही काही करू शकत नाही. मोजणी सावलीवर करा. मीटरवर आयएसओ ६४ लावा, फार तर ५०. त्याहून जास्त प्रकाश दिलात तर सी-४१ मुळे वाढलेल्या कॉन्ट्रास्टने पणजीच्या चर्चची पांढरी भिंत सपाट ठोकळा होईल. पुश (जास्त वेळ डेव्हलप करणं) अजिबात नको, कॉन्ट्रास्ट आधीच भरपूर आहे.

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरची भर दुपार घ्या. सेकंदाला २४ फ्रेम, १८० अंश शटर, म्हणजे १/४८ सेकंद. १०० ला एफ/२२ येतो, ५० ला एफ/१६. एवढ्या बारीक अ‍ॅपर्चरला लहान गेजवर (सुपर ८ सारख्या अरुंद फिल्मवर) चित्र मऊ पडतं, ०.६ चा एनडी (प्रकाश दोन स्टॉपने, म्हणजे चौथ्या हिश्शावर आणणारा करडा फिल्टर) लावून एफ/८ वर या. सुपर ८ चा ऑटो मीटर कार्ट्रिजच्या खाचेवरून स्पीड (आयएसओ) ठरवतो, तुमचे ६४ किंवा ५० धरत नाही, तेव्हा मॅन्युअलच बरं.

रोलच्या सुरुवातीला ग्रे कार्ड एक्स्पोजर अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने बदलत, दोन-दोन सेकंद टिपा. रंगीत निगेटिव्हला असतो तो नारिंगी मास्क (फिल्मची नारिंगी छटा) इथे नसल्याने स्कॅनमध्ये रंग हाताने बसवावे लागतात, तिथे ते कार्ड लागतं.