तान्ह्या बाळाच्या रक्तात जंतू झाल्याची शंका असेल तर अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन उपकेंद्रातच द्यायचं की नाही? तुमचं मत सांगा

घाटमाथ्यावरचा: गेल्या पावसाळ्यात भावाचं बाळ बारा दिवसांचं होतं. सकाळपासून अंगावर पिईना, आई म्हणाली दृष्ट लागलीय, मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. ताप नाही म्हणून आम्ही पण गाफील. दिवेलागणीला पोट हाताला गार लागलं आणि हात उचलून सोडला की लुळा खाली पडायचा. मग काय, भर पावसात खानापूरवरून बेळगाव. रक्तात जंतू झालेत म्हणाले. वाचलं, देवाची कृपा. पण उपकेंद्र घरापासून दहा मिनिटांवर, सिस्टर हजर, आणि तिनं दिली काय तर चिठ्ठी! जेंटामायसिन या अँटिबायोटिकचा पहिला डोस तिथंच टोचून मग गाडीत घालायला काय हरकत होती? केंद्र सरकारनं २०१४ लाच एएनएमना, म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टरना, ठराविक परिस्थितीत ही मुभा दिलीय की.

निपाणी_पेठ: साफ चूक. आधीच आपल्याकडं सर्दीला पण अँटिबायोटिक. दिल्लीत तीन हॉस्पिटलांत ८८,६३६ जन्मांमधून आजारी बाळं तपासली, २०१६ ला छापून आलंय, असिनेटोबॅक्टर नावाच्या जंतूतले ८२ टक्के बऱ्याच औषधांना दाद देत नव्हते. आता गावोगाव सुया वाटा म्हणजे उरलेली औषधं पण गेली.

घाटमाथ्यावरचा: अहो ते मोठ्या हॉस्पिटलातले जंतू, आमच्या वाडीतले नव्हेत. गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी गावातल्याच बायकांना शिकवून हेच इंजेक्शन द्यायला लावलं, बाकी ऊब, स्वच्छता, अंगावर पाजणं हे पण होतंच, तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्के कमी. १९९९ ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आलंय. आणि २०१२ चा अंदाज बघा, महिन्याच्या आतल्या बाळांना असले गंभीर संसर्ग ६९ लाख, त्यातले ३५ लाख एकट्या दक्षिण आशियात. एवढ्यांना बेड कुठनं आणणार?

हलगी_वाजव: मग बाळंतिणीलाच आधी गोळी द्या की, विषय संपला 😄

निपाणी_पेठ: ते पण करून झालंय, आणि आपल्या बेळगावच्या बायका होत्या त्यात. सात देशांत २९ हजारांवर बायकांना कळा सुरू असताना अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक नाहीतर औषध नसलेली नुसती गोळी दिली, २०२३ ला निकाल आला. आयांना फायदा झाला, बाळांना काही फरक नाही.

शहापूरची_सून: भांडा तुम्ही. मी माझ्या बाळंतपणात बघितलो, जाताना कार्ड दिलं त्यावर सगळं कन्नडमधनं, सिस्टरनं पण घाईघाईत कन्नडमधनंच सांगितलं. सासूबाईंना काय कळणार? त्यांनी नाळेला हळद-तेल लावायला घेतलं, मी वाटी उचलून बाहेर ठेवलो, दोन दिवस अबोला. बाळ पीत नसेल, छाती आत ओढत असेल, किंवा एका मिनिटात श्वास ६० किंवा त्याच्या वर गेला (बाळ निवांत असताना मोजायचं, रडताना नको) तर निघायचं, एवढं जरी मराठीत छापलं असतं तर! यात राजकारण आणू नका कुणी.

निपाणी_पेठ: ताई, हे शंभर टक्के. माझा विरोध सुईला नाही हो, पुढच्या गोष्टीला आहे. मी मेडिकल दुकानात बसतो. पहिला डोस गेला की बाळ जरा रडतं, घरचे म्हणतात झालं बरं, आता बेळगावला कशाला, गाडीभाडं कोण देणार? आणि चौथ्या दिवशी तेच बाळ निळं पडून येतं.

घाटमाथ्यावरचा: हां, हे मात्र मला सुचलं नव्हतं. आमचा भाऊ पण तसंच म्हणाला असता, खोटं कशाला बोलू. तरी माझं मत तेच, सुई द्या, पण गाडी दारात उभी करून द्या, आणि जे घरीच थांबतात त्यांच्याकडं सिस्टरनं रोज जायचं. डब्ल्यूएचओनं २०१५ ला हॉस्पिटलला नेणं शक्यच नसलेल्यांसाठी जेंटामायसिन आणि तोंडानं अमॉक्सिसिलिन सांगितलंय, ते काय एका दिवसाचं नाही, अमॉक्सिसिलिन सात दिवस आहे.

निपाणी_पेठ: जुलैत तुमच्या घाटात रोज? सिस्टर पोहोचणार कशी ते सांगा आधी.