मदत हवी आहे: १२ दिवसांचं गावठी कोंबडीचं पिल्लू अचानक उभं राहीना (ऐरोली)

कालपर्यंत पळणारं पिल्लू आज पायांच्या मधल्या सांध्यांवर बसून सरकतंय. दोन्ही पायांची बोटं आत वळलीत. हाताने उलगडतात, सोडली की पुन्हा मिटतात. डोळे तरतरीत, चोचीशी दिलं तर खातं. मान थरथरत नाही. सांध्याला सूज नाही आणि मागची शीर (स्नायू हाडाला जोडणारा दोर, टेंडन) जागेवर लागते, म्हणजे शीर सरकलेली नसावी. पाय फाकलेलेही नाहीत. मॅरेक्ससाठी (कोंबड्यांचे पाय लुळे पाडणारा विषाणूजन्य रोग) हे वय लहानच. खाणं मात्र मुख्यतः तांदळाची कणी, त्यामुळे संशय बी-२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर.

सध्या वेगळं खोकं, खाली वर्तमानपत्राऐवजी गोणपाट (कागदावर पाय घसरतात), बल्बखाली ३२ अंश. चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) भिजवून आणि थोडं उकडलेलं अंडं. पाण्यात बी-कॉम्प्लेक्स, बी-२ उजेडात नासतं म्हणून भांडं सावलीत, पाणी रोज ताजं.

अडचण अशी की बसलेलं पिल्लू पाणी फारच कमी पितं. बी-कॉम्प्लेक्सचे थेंब चोचीच्या कडेला लावून द्यायचे तर एवढ्याशा जिवाला किती, दिवसातून किती वेळा? बाटलीवरचं प्रमाण मोठ्या कोंबड्यांचं आहे. बोटांना पुठ्ठ्याचा बूट चिकटपट्टीने बांधायचा, तर किती दिवस? सोबतच्या पिल्लांनाही बी-कॉम्प्लेक्स आत्ताच सुरू करावं का?

ऐरोली, घणसोली किंवा ठाण्यात कोंबड्या तपासणारे पशुवैद्य असतील तर सांगा. परळच्या प्राण्यांच्या दवाखान्यापर्यंतचा प्रवास याला झेपणार नाही.