मराठवाड्यातील प्रवासी रेल्वेसाठी पैसा आधी कशावर खर्च व्हावा?

सेलूकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या प्रवासी मंडळाने खासदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे सोपवले आहे. बैठकीत चौदा मागण्या पुढे आल्या. कुणाला मुंबईची नवी गाडी हवी, कुणाला जास्तीचा थांबा, तर कुणाला स्थानकाची नवी इमारत. माझ्या मते निवेदनात एकच मुख्य मागणी असावी आणि तिच्यामागे ठोस कारणे असावीत.

आईच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी आम्ही दर महिन्याला छत्रपती संभाजीनगरला जातो. मागच्या खेपेला परतताना आमची गाडी एका लहान स्थानकावर पाऊण तास उभी होती. समोरून एक गाडी गेली, मग मागून आलेली दुसरी पुढे काढली, आणि तोवर पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी आई दर पाच मिनिटांनी "सेलू आलं का रे?" असे विचारत होती. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रेल्वेसाठी २,५२,२०० कोटी रुपयांची भांडवली तरतूद होती, म्हणजे पैसा मुळीच नाही असे म्हणता येत नाही. तो नव्या गाड्या, नवे मार्ग, दुसरा रूळ की डबे, यांपैकी कशावर आधी खर्च व्हावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त स्टेशन मास्तर, पूर्णा

तुमच्या पाऊण तासाचे कारण एकेरी मार्ग हेच आहे. दोन स्थानकांमधल्या टप्प्याला आम्ही ब्लॉक सेक्शन म्हणतो. एकेरी मार्गावर त्या टप्प्यात एक गाडी शिरली की ती पलीकडच्या स्थानकात पूर्ण पोहोचेपर्यंत विरुद्ध दिशेच्या गाडीला लाइन क्लिअर, म्हणजे पुढे निघण्याची परवानगी, देता येत नाही. मीटरगेजच्या काळात आम्ही वेताच्या कडीत अडकवलेले टोकन, म्हणजे त्या टप्प्यात शिरण्याचा परवाना, चालत्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देत असू. आता ते काम यंत्रे करतात, पण एकेरी मार्गाचा नियम तोच राहिला आहे. अशा मार्गावर तुम्ही आणखी एक एक्स्प्रेस आणली, तर तिला वाट देण्यासाठी कुठली तरी पॅसेंजर लूपवर, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, काढावी लागते, आणि नव्या गाडीच्या आनंदाची किंमत सेलू, परतूर, मानवत रोडच्या प्रवाशांना मोजावी लागते. दुहेरी मार्गावर जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे रूळच वेगळे होत असल्याने क्षमता दुपटीहून अधिक वाढते.

परभणी ते मुदखेड हा टप्पा दुहेरी झालेला आहे. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली आणि त्याचा अंदाजित खर्च २,१७९ कोटी रुपये आहे. म्हणजे किलोमीटरमागे साधारण सव्वाबारा कोटी. ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेला जालना-जळगाव हा नवा मार्ग १७४ किलोमीटरचा आहे आणि त्याचा खर्च ७,१०५ कोटी, म्हणजे किलोमीटरमागे जवळपास एकेचाळीस कोटी आहे, कारण तो अजिंठ्याच्या डोंगरातून काढावा लागणार आहे. तो मार्ग नको असे मी म्हणत नाही. जालन्याहून जळगावला जायला आज मनमाडचा वळसा पडतो. पण रुळालगत जमीन आहे, स्थानके आहेत आणि प्रवासी ताटकळत उभे आहेत, तिथे खर्च केलेल्या रुपयाचे फळ सर्वांत आधी मिळते.

आणखी एक बाब सहसा निवेदनांत येत नाही, ती म्हणजे पिटलाइन. गाडीचा रेक, म्हणजे डब्यांचा संच, धुणे, खालून तपासणे, पाणी भरणे हे जिथे होते ती जागा पुरेशी नसेल, तर तिथून नवी गाडी सुरूच करता येत नाही. शिवाय मनमाडच्या पुढे मुंबईची वाट आधीच भरलेली आहे. म्हणून दुसरा रूळ पडला की पहिला हक्क मराठवाड्यातल्या मराठवाड्यात धावणाऱ्या मेमू, म्हणजे विजेवर चालणाऱ्या लोकलसारख्या, गाड्यांचा मानावा. मार्गाचे विद्युतीकरण झाले आहे, आणि मेमूच्या मोटारी डब्यांतच असल्याने ती थांबून लगेच वेग घेते. शेवटच्या स्थानकावर इंजिन फिरवावे लागत नाही.

बीडचा शिक्षक

मास्तरांचा हिशेब मला पटतो, पण तोच एक निकष मानला असता, तर बीडला रेल्वे कधीच आली नसती. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला आणि बीड ते अहिल्यानगर प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी, सुरू झाली. तीस वर्षांत आमच्या जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या किती तरी टोळ्या ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाड रचून पश्चिम महाराष्ट्रात गेल्या. मी शिकवतो त्या वर्गातली काही मुले दिवाळीनंतर बाकावर नसतात.

या मार्गाचा निम्मा खर्च राज्याने उचलायचा ठरले, तरीही दरवर्षी थोडी थोडी तरतूद होत राहिली आणि दरम्यान जमिनीचे भाव, पुलांचा खर्च वाढत गेला. म्हणून माझी विनंती अशी की, जे हाती घेतले आहे त्याला पूर्ण होईपर्यंत सलग पैसा द्यावा, ही मागणी तुमच्या निवेदनात असावी. परळीपर्यंतचा उरलेला टप्पा आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग यांनाही ती लागू पडते.

लातूरचा लेखापाल

पैसा कोणत्या प्रकारचा, हाही प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या म्हणण्यानुसार २०२२-२३ मध्ये प्रवासी तिकिटांवर सरासरी ४६ टक्के सवलत दिली गेली आणि ती रक्कम ५६,९९३ कोटी रुपये होती. प्रवासी वाहतुकीची तूट मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून निघते. त्यामुळे प्रवासी मार्ग कर्ज काढून बांधला, तर ते तिकिटांतून फिटणे कठीण असते. कोकण रेल्वेचे उदाहरण पाहावे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या महामंडळात केंद्राचे ५१ टक्के आणि महाराष्ट्राचे २२ टक्के भांडवल होते, बाकीचे कर्नाटक, गोवा आणि केरळचे. बराच पैसा रोख्यांतून उभा राहिला आणि ७४१ किलोमीटरचा अत्यंत अवघड मार्ग १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाला. इतक्या वेगाने झालेले ते काम अभिमानास्पदच आहे. मात्र कर्जाचा भार महामंडळाला पुढे वर्षानुवर्षे वाहावा लागला. मराठवाड्यासाठी केंद्र आणि राज्य यांचा थेट अर्थसंकल्पीय हिस्साच योग्य आहे, आणि राज्याने आपला हिस्सा वेळेत भरणे हे तितकेच महत्त्वाचे आहे. निवेदनाची एक प्रत आमदारांनाही द्या.

नांदेडहून

जालना-मुंबई वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून नांदेडपर्यंत आली, याचे स्वागतच आहे. परंतु ज्यांना ते तिकीट परवडत नाही, त्यांच्यासाठी बिनआरक्षित डबे वाढवणे हे एका आदेशाने होऊ शकणारे काम आहे. दुहेरीकरण पूर्ण होईपर्यंत लोकांनी दारात लटकून प्रवास करावा, हे योग्य नाही.

सेलूकर

सर्वांचे मनापासून आभार. मुख्य मागणी अशी लिहितो: "छत्रपती संभाजीनगर-परभणी दुहेरीकरणास दरवर्षी पुरेसा निधी देऊन ते टप्प्याटप्प्याने वापरात आणावे आणि तयार झालेल्या प्रत्येक टप्प्यावर मेमू सेवा सुरू करावी." त्याखाली पिटलाइन, बिनआरक्षित डबे आणि बीड-परळीसाठी सलग तरतूद हे तीन मुद्दे घेतो. मास्तरांना एकच विचारायचे आहे: टप्प्याटप्प्याने म्हणताना परभणीकडून सुरुवात मागावी, म्हणजे झालेल्या दुहेरी मार्गाला ते सलग जोडले जाईल, की जिथे क्रॉसिंगला, म्हणजे समोरच्या गाडीला वाट देण्यात, सर्वाधिक वेळ जातो तो भाग आधी मागावा? रविवारच्या बैठकीपूर्वी उत्तर मिळाले, तर तसे लिहितो.

निवृत्त स्टेशन मास्तर, पूर्णा

परभणीकडून मागा. दुहेरी मार्ग सलग वाढत गेला की क्रॉसिंगची अडचण एका टोकाकडून सरकत जाते. मधलाच तुकडा केला, तर त्याच्या दोन्ही तोंडांशी गाड्या थांबून राहतात. काम सेलूपर्यंत आले, तरी परभणीकडची तुमची वाट मोकळी होईल. संभाजीनगरच्या बाजूने मात्र काही काळ थांबावे लागेल, हे बैठकीत आधीच सांगून ठेवा.